बाल्डर्स गेटचं बिघडलेलं इन्स्टॉलेशन: सोलापुरातलं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा पंचविशीतला मुलगा. मित्राकडं बाल्डर्स गेट ३ बघितला आणि खुळावला. तो गेम २०२३चा, डिस्कवर दीडशे जीबी जागा मागणारा. याचा लॅपटॉप जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, साधी फिरती हार्ड डिस्क, बॅटरी पार बसलेली, म्हणजे चार्जर काढला की अंधार. तेव्हा त्यानं एक शहाणपणा केला, पहिले दोन भाग घेतले. पहिला १९९८चा, दुसरा २०००चा, दोन्ही बायोवेअरचे. आज विकत मिळतात त्या बीमडॉगनं काढलेल्या एन्हान्स्ड एडिशन, म्हणजे सुधारून काढलेल्या आवृत्त्या, पहिल्याची २०१२ची आणि दुसऱ्याची २०१३ची. दोन्हींच्या मधली कथा सांगणारा सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर २०१६ला आला, तोही त्यानं घेतला. असले गेम असल्या लॅपटॉपवर आरामात पळतात.

इथपर्यंत ठीक होतं. पण नुसता मूळ गेम खेळायचा तर या पोरांना आळणी लागतं. त्यानं मॉडची, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्या आणि फेरफारांची, एक भलीमोठी यादी मिळवली आणि वरपासून खालपर्यंत सगळं टाकलं: तिन्ही कथा सलग जोडणारा ईईटी, नवे सोबती, नव्या मोहिमा, नवी किट (पात्राच्या पेशाचे खास प्रकार), मंत्रांमध्ये फेरफार करणारे दोन वेगवेगळे मॉड, शत्रूंना हुशार करणारा स्वॉर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्स आणि बारीकसारीक सोयींचा ढीग. ते चाललंही. महिनाभर व्यवस्थित चाललं. माझ्या दुकानात लॅपटॉप आला तो त्यानंतर.

तक्रार आणि लक्षणं

"दादा, गेम सुरू होतोय की ओ. पण मधेच कायपण बोलायला लागतोय."

अक्षरशः तसंच होतं. बेरेगोस्ट गावात मॉडनं आणलेली एक सोबतीण उभी होती. तिच्याशी बोलायला गेलं की ती एका तलवारीचं वर्णन म्हणून दाखवायची: वजन, लागणारी ताकद, सगळं. तिला उत्तर द्यायचे पर्याय खाली यायचे, त्यात एका ठिकाणी "इनव्हॅलिड" आणि पुढं सहा आकडी संख्या, एवढंच. मूळ गेममधली माणसं, म्हणजे इमोएन, जहेरा, खालिद, अगदी शहाण्यासारखी बोलत होती. शिवाय गावाबाहेरच्या एका भागात पाऊल टाकलं की गेम काही न सांगता बंद व्हायचा, दरवेळी तिथंच.

जुनं सगळं शाबूत आणि नवं सगळं सैरभैर, एवढ्यावरून रोगाची जागा बरीचशी कळते. ते का, हे समजायला गेमच्या पोटात जरा डोकवावं लागेल.

इंजिनाचं नाव इन्फिनिटी. मूळ माल बिफ नावाच्या गठ्ठ्यांत बांधलेला असतो आणि कुठली चीज कुठल्या गठ्ठ्यात आहे याची यादी चिटिन.की या फाइलीत असते. पण गेम आधी ओव्हरराइड नावाचा फोल्डर बघतो. तिथं त्याच नावाची फाइल सापडली की गठ्ठ्यातल्या फाइलीला कोणी विचारत नाही. मॉड आत शिरतात ते मुख्यतः याच दाराने. मजकुराचा कारभार मात्र निराळा. संवाद, नावं, वर्णनं असं सगळं डायलॉग.टीएलके या एकाच मोठ्या फाइलीत असतं आणि प्रत्येक वाक्याला एक क्रमांक असतो. सोबतिणीच्या फाइलीत तिचं बोलणं नसतंच, फक्त क्रमांक असतात. मॉडनं नवं वाक्य आणलं की ते या फाइलीच्या शेवटी जोडलं जातं आणि पुढचा मोकळा क्रमांक घेतं. म्हणजे ज्या क्रमानं मॉड टाकले, त्या क्रमानं क्रमांक पडतात.

हे सगळं करतो तो वायडू. वेस्टली वायमर यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम, काळ्या खिडकीत चालणारा, दिसायला अगदीच गरीब. प्रत्येक मॉडबरोबर सेटअप म्हणून जी फाइल येते ती खरं तर नाव बदललेला वायडूच असतो. त्यानं जे केलं त्याची नोंद तो वायडू.लॉगमध्ये करतो आणि बदललेल्या फाइलींच्या जुन्या प्रती त्या त्या मॉडच्याच फोल्डरमध्ये, बॅकअप नावाच्या कप्प्यात ठेवतो.

झालं काय होतं

मुलाला खोदून विचारलं तेव्हा तीन गोष्टी एकेक करत बाहेर आल्या. पहिली त्यानं सहज सांगितली, दुसरी आठवून, तिसरी मी अंदाजानं विचारली तेव्हा.

पहिली अशी. डिस्क भरत आली होती. घरातल्या लग्नाचे व्हिडिओ उडवले तर आई जेवायला वाढणार नाही, म्हणून यानं गेमच्या फोल्डरमधले मॉडचे फोल्डर उडवले. "टाकून झाले होते ना, मग ते कशाला ठेवायचे?" तर्क चुकीचा म्हणता येत नाही. इतर बहुतेक सॉफ्टवेअरला तो लागूही पडतो. पण इथं त्या फोल्डरांच्या पोटातच बॅकअप होते. मॉड काढायचा रस्ताच त्यानं पुसून टाकला. सगळे उडवले नाहीत, मोठे मोठे तेवढे गेले. अर्धे राहिले हे उलट जास्त वाईट झालं.

दुसरी. त्यानंतर त्याला एक किट मॉड नकोसा झाला. तो यादीत बऱ्याच वर, म्हणजे सुरुवातीला टाकलेला. सेटअप उघडला आणि अनइन्स्टॉल सांगितलं. वायडूची पद्धत अशी की मधला मॉड काढायचा तर त्याच्यानंतर टाकलेले सगळे आधी उलट क्रमानं काढायचे, मग हवा तो काढायचा, मग बाकीचे पुन्हा पहिल्यासारखे टाकायचे. हे मी सांगत असतानाच तो म्हणाला, "म्हणजे मागावर आडवा धागा चुकल्यावर करतेत तसं. पुढचं विणलेलं सगळं उकलत मागं यायचं." त्याच्या आजोबांचा जन्म मागावर गेलेला, त्याला मी आणखी काय समजावणार! फक्त याच्या बाबतीत उकलायचे धागे त्यानं आधीच कचऱ्यात टाकले होते. ज्या मॉडचा फोल्डर नाही तो वायडूला काढता येत नव्हता आणि परत टाकता येत नव्हता. तिथं काहीबाही आलं. यानं एंटर दाबलं.

तिसरी. हे सगळं उलटसुलट चाललेलं असताना लाईट गेली. मे महिना, दुपारची वेळ, बॅटरी बसलेली.

वायडू ओव्हरराइडमध्ये फाइली जागच्या जागी लिहीत जातो, पण डायलॉग.टीएलके तो काम संपताना लिहितो. म्हणजे लाईट गेली त्या क्षणी सोबतिणीच्या फाइलीत नवे क्रमांक पडले होते आणि त्या क्रमांकांची वाक्यं मात्र डिस्कवर पोचलीच नव्हती. म्हणून "इनव्हॅलिड". संध्याकाळी लाईट आल्यावर यानं "बघू तर खरं" म्हणून शस्त्रांचा एक नवा मॉड टाकला. त्यानं आणलेल्या तलवारींच्या वर्णनांनी तेच मोकळे क्रमांक घेतले. सोबतीण तलवारीचं वर्णन वाचत होती ती यामुळं. ती बिचारी आपल्या क्रमांकावर जे लिहिलंय तेच वाचत होती.

गेम बंद पडत होता त्याचं कारण शोधायला फार हुशारी लागली नाही. ओव्हरराइड फोल्डर उघडायचा, फाइली आकारानुसार लावायच्या, लहान आधी. सगळ्यात वर चारपाच फाइली शून्य केबीच्या होत्या. नाव आहे, आत काही नाही. लाईट जाताना लिहायच्या राहिलेल्या. त्यातली एक त्याच भागाची होती.

दुरुस्ती की नवी उभारणी

शून्याच्या फाइली काढून टाकता आल्या असत्या. गेम बंद पडायचा थांबला असता. मुलाचंही म्हणणं तेच, "तेवढं करा, बाकीचं मी सोसतो." मी नाही म्हटलं. लॉग सांगतो एक, ओव्हरराइडमध्ये आहे दुसरं आणि मजकुराच्या फाइलीत तिसरंच. अशा गेममध्ये पुढं कुठं काय निघेल हे सांगता येत नाही आणि ही कथा दीडदोनशे तासांची आहे. शंभराव्या तासाला अडकण्यापेक्षा आत्ता पाडलेलं बरं. मॉड टाकलेला गेम एका मर्यादेपलीकडं बिघडला की तो दुरुस्त होत नसतो, पुन्हा बांधावा लागतो. याला अपवाद मी बघितलेला नाही.

बांधायला नकाशा लागतो आणि तो हाताशी होता, वायडू.लॉग. नोटपॅडमध्ये उघडते अशी साधी फाइल. एका ओळीत एक घटक: आधी मॉडच्या फाइलीचा पत्ता, मग हॅशचं चिन्ह लावून भाषेचा क्रमांक, परत हॅश लावून घटकाचा क्रमांक, मग दोन तिरप्या रेषा आणि घटकाचं नाव. वरची ओळ आधी टाकलेली, खालची नंतरची. या लॉगचा शेवट विश्वासाचा नव्हता, पण वरचा मोठा भाग महिन्यापूर्वीचा आणि जसाच्या तसा होता. त्याची प्रत काढून घेतली.

मग यादीला कात्री. यावर आमची चांगलीच जुंपली. माझं मत असं की पहिल्यांदा खेळणाऱ्यानं चुका सुधारणारे मॉड घ्यावेत, थोड्या सोयी घ्याव्यात आणि गेम गेमसारखा खेळावा. नवे सोबती दुसऱ्या खेपेला. मूळ सोबती कोण आहेत हेच माहीत नसताना त्यात सहाजण आणखी घुसवायचे म्हणजे जेवायच्या आधी पान खाण्यातला प्रकार. तो ईईटी सोडायला तयार नव्हता आणि तिथं त्याचं बरोबर होतं. पहिल्या भागातला आपला माणूस घेऊन शेवटापर्यंत सलग जाण्यात खरंच मजा आहे. स्वॉर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्सवर मी अडलो होतो. त्यात शत्रूचे जादूगार आधीच संरक्षणं चढवून येतात आणि नवख्याला ज्या वेगानं भाजून काढतात त्यानं गेमवरून मनच उडतं. पण त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही हुशारी गेममधल्या काठिण्याच्या पट्टीला जोडलेली आहे, पट्टी खाली आणली की तेही नरमतात. तेवढ्यावर तडजोड झाली. मंत्रांच्या दोन मॉडपैकी एक गेला. सोबतीही एकच ठेवला, तोही त्याच्या हट्टापायी.

क्रम

दोन मॉड एकत्र नांदतील का, हे ते काय करतात यापेक्षा कसं करतात यावर ठरतं. हे फायरबॉल या आगीचा गोळा फेकणाऱ्या मंत्रावर दाखवलं. गेममध्ये त्याची फाइल एसपीडब्ल्यूआय३०४: एसपी म्हणजे मंत्र, डब्ल्यूआय म्हणजे जादूगाराचा, ३ ही पातळी, ०४ हा त्या पातळीतला क्रमांक. सगळी नावं अशीच, आठ अक्षरांच्या आत. आता एक मॉड स्वतःचा तयार फायरबॉल आणतो आणि ओव्हरराइडमध्ये आहे त्याच्या जागी ठेवतो. दुसरा मॉड आहे तो फायरबॉल उघडतो, त्यात एक आकडा बदलतो, बंद करतो. तयार फाइल आधी आणि आकडा बदलणारा नंतर असेल तर दोघांचंही काम टिकतं. उलट केलं तर आकडा बदलणाऱ्याचं काम मुकाट पुसलं जातं. ना चूक दिसते, ना इशारा येतो. लॉगमध्ये दोन्ही झोकात उभे असतात आणि गेममध्ये एकच असतो. या मुलाच्या आधीच्या यादीत नेमकं हेच झालेलं होतं. लाईट गेली नसती तरी महिनाभर तो जे मॉड "टाकलेत" म्हणून खेळत होता त्यातले काही नव्हतेच.

म्हणून सामान आणणारे आधी आणि असलेलं सामान तपासून त्यावर हात फिरवणारे शेवटी. स्वॉर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्स शेवटाकडं जातो तो यामुळंच. कुठले मंत्र, कुठल्या वस्तू, कोण शत्रू हे तो टाकताना बघतो आणि त्याप्रमाणं शत्रूंना डावपेच देतो. नंतर आलेल्या शत्रूला त्याचा काही उपयोग नाही. असेन्शन हा शेवटची लढाई बदलणारा मॉड मूळचा डेव्हिड गेडर यांचा, म्हणजे बाल्डर्स गेट २च्या लेखकांपैकीच एकाचा. तो स्ट्रॅटेजम्सच्या आधी, कारण स्ट्रॅटेजम्स त्यातल्या शत्रूंवरही काम करतो.

ईईटीमुळं याला आणखी एक पदर येतो. गेम दोन फोल्डरांत असतो, पहिला भाग वेगळा, दुसरा वेगळा. सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर ऑनलाइन दुकानातून येतो तो एका झिपमध्ये बंद आणि वायडूला त्या झिपच्या आत दिसत नाही. म्हणून पहिल्या भागात सगळ्यात आधी डीएलसी मर्जर, तो झिप सोडवून ठेवतो. मग पहिल्या भागात टाकायचे असतील ते मॉड. मग कोऱ्या दुसऱ्या भागात पहिलाच मॉड ईईटी. तो पहिला भाग जसा आहे तसा उचलून आत आणतो. त्यानंतर बाकीचे आणि अगदी शेवटी ईईटी एंड. कुठला मॉड कुठल्या बाजूला हे त्याच्या रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीत, लिहिलेलं असतं. वाचत कोणी नाही, ती गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष काम

लॅपटॉपात एसएसडी बसवली, जुनी डिस्क बाहेरच्या डबीत घालून व्हिडिओंसह त्याच्या आईच्या हवाली. दुकानात इन्व्हर्टर आहे, त्यामुळं काम इथंच. गेम त्यानं जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेला, म्हणून पूर्ण इन्स्टॉलर उतरवून ठेवता आला आणि आपोआप अपडेट बंद केलं. मॉड टाकलेल्या गेमवर अपडेट येऊन बसलं तर वर सांगितलेलं सगळं लाईट न जाताही होऊ शकतं. फोल्डर थेट ड्राइव्हवर, प्रोग्रॅम फाइल्समध्ये नाही, कारण तिथं विंडोज लिहायला आडकाठी करतं. कोऱ्या गेमची एक प्रत बाजूला. अँटिव्हायरसला त्या फोल्डरातून सुट्टी, नाहीतर हजारो बारक्या फाइली एकेक हुंगत बसतो आणि तासाचं काम दिवसावर जातं.

मग काळी खिडकी. मी मुलालाच बसवलं. प्रत्येक घटकानंतर शेवटची ओळ वाचायची हे त्याला आधी पटेना. "सक्सेसफुली इन्स्टॉल्ड" आलं तर पुढं. "विथ वॉर्निंग्ज" आलं तर थांबायचं, त्या मॉडची डीबग फाइल उघडायची, वॉर्निंग कशाबद्दल आहे ते बघायचं. बहुतेक वेळा ती किरकोळ असते. चूक आली तर पुढचा मॉड टाकायचाच नाही, आधी तिथं निस्तरायचं. एका ठिकाणी वॉर्निंग आलीच. एक घटक ज्या वस्तूवर काम करणार होता ती वस्तू आम्ही कात्री लावलेल्या मॉडमधली होती. घटक सोडून दिला. मोठा टप्पा झाला की पूर्ण फोल्डरची प्रत.

सगळं झाल्यावर वायडूला चेंज-लॉगचा आदेश देऊन फायरबॉलच्या फाइलीचं नाव सांगितलं. कुणी कुणी हात लावला त्याची यादी क्रमानं समोर आली. ही सोय बॅकअप जागेवर असतील तरच चालते. मुलानं यादी दोनदा वाचली आणि मग मॉडच्या फोल्डरांकडं बघायची त्याची नजर बदलली.

जुना सेव्ह

महिन्याभराचा खेळ त्याला सोडवत नव्हता. नव्या उभारणीत जुना सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडून दाखवला. उघडला, बंद पडला नाही, आणि त्याचा चेहरा खुलला. मग पात्राचं पान उघडलं. मॉडमधलं किट घेतलेल्या त्याच्या योद्ध्याच्या नावापुढं भलत्याच किटचं नाव. सेव्हमध्ये किटचं नाव नसतं, क्रमांक असतो, आणि मॉडच्या किटांना क्रमांक पडतात ते टाकण्याच्या क्रमानं. डायरीत मॉडच्या मोहिमांच्या नोंदीही अशाच सरमिसळ. शिवाय ज्या भागांत तो जाऊन आला होता ते भाग सेव्हमध्ये जुन्या रूपात साठलेले, तिथं नव्या मॉडांचा काही असर नाही. गेम जिथं सुरू होतो त्या कँडलकीपपासून पुन्हा सुरुवात करायला तो तिथल्या तिथं तयार झाला. तसंही तो नॅशकेलच्या खाणीपर्यंतच पोचला होता.

आजची स्थिती

गेम चालतो. सोबतीण आपलं स्वतःचं बोलते. वायडू.लॉगची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक त्यानं स्वतःलाच मेल केलेली आहे. एक खोट राहिली आहे: त्या सोबतिणीची मूळ सोबत्यांशी होणारी आपापसातली बोलणी फार कमी वेळा सुरू होतात. त्याचं कारण मला सापडलेलं नाही, पण खेळात अडत काही नाही, म्हणून हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, एक नवा किट मॉड टाकू का म्हणून. ही खेप संपेपर्यंत नाही म्हणून सांगितलं. लॉगच्या शेवटी, तेही ईईटी एंडच्या नंतर किट चिकटवायचं म्हणजे परत उकलाउकली. चेहऱ्यांची चित्रं मात्र हवी तेवढी बदल म्हटलं. ती डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात पोर्ट्रेट्स नावाच्या कप्प्यात बीएमपी करून ठेवायची असतात, वायडूचा त्यात काही संबंध येत नाही. मोठ्या चित्राचं माप २१० बाय ३३०, ते त्याला मेसेज केलं.